विद्याधन कोणाचे आणि विद्येचा खर्च कोणाचा?

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी एखाद्या ऐतिहासिक विषयावर चार शब्द लिहावेत, अशी संपादक-मंडळाची आज्ञा झाली. प्रस्तुत लेखक हा मॅट्रिकपर्यंतच शिकलेला, खेडोपाडीच्या प्राथमिक शाळांतून आयुष्य घालविलेला एक सेवानिवृत्त शिक्षक आहे. संशोधनाचा अधिकार त्याला नाही. तथापि गेल्या गुणगौरव समारंभानंतर दोन ज्ञातिबांधवांत झालेला वाद मनात घोळत होता, तोच विषय येथे घेतला आहे. एक गृहस्थ म्हणाले, "मुलगा अठरा वर्षांचा झाला की बापाचे कर्तव्य संपले. कॉलेज शिकायचे असेल तर त्याने बँकेचे कर्ज काढावे व आपले आपण फेडावे." दुसरे म्हणाले, "घर विकावे लागले तरी चालेल, पण मुलाच्या डोक्यावर कर्ज ठेवणारा बाप तो बाप नव्हे." दोघांनीही लेखकाकडे पाहिले. लेखकास त्या वेळी उत्तर देता आले नाही. पुढे वाचनालयात बसून जे वाचले व स्वतःच्या घरी जे पाहिले, त्याच्या आधाराने ते उत्तर आता देण्याचा प्रयत्न करतो.

पूर्वीची व्यवस्था

विद्येसाठी रोख फी देण्याची चाल आपल्याकडे फार जुनी नाही. पाठशाळेत राहणाऱ्या विद्यार्थ्याचा भार गुरूवर आणि गावावर असे. माधुकरी मागून किंवा सात घरी सात वार लावून जेवणारा विद्यार्थी एकोणिसाव्या शतकापर्यंत, किंबहुना त्यानंतरही, पुण्यासारख्या शहरांत सर्रास दिसे. पेशवाईत श्रावणमासी विद्वानांस दक्षिणा वाटली जाई. पेशवाई बुडाल्यावर इ. स. १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिला आधार ह्या दक्षिणेच्या परंपरेचाच होता. मात्र हे गोड चित्र अपुरे आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. हे वार, ही माधुकरी आणि ही दक्षिणा एकाच वर्णासाठी होती. बाकीच्या समाजाच्या मुलांनी बापाचा धंदा शिकावा, एवढीच त्यांची विद्या.

ह्या जुन्या काळातली एक गोष्ट मात्र आजच्या वादाच्या मुळाशी जाणारी आहे. विद्येच्या जोरावर मिळविलेल्या धनास आपल्या धर्मशास्त्रात 'विद्याधन' अशी संज्ञा आहे. ते मिळविणाऱ्याचे एकट्याचे, की भावाभावांत वाटण्याचे, हा प्रश्न स्मृतिकारांनी बारकाईने सोडविला. कात्यायनाचा अभिप्राय असा की, परक्याचे अन्न खाऊन व परक्याकडून विद्या शिकून जे धन मिळविले, ते खरे विद्याधन. त्यात भावांचा वाटा नाही. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेचाही रोख असाच आहे. वडिलार्जित द्रव्याला धक्का न लावता जे मिळविले ते स्वतःचे. धक्का लावून मिळविले असेल तर ते सर्वांचे. याचा व्यावहारिक अर्थ काय झाला? माधुकरी मागून शिकलेल्याची कमाई त्याची स्वतःची. घरच्या पैशावर शिकलेल्याची कमाई घराची. ज्याने खर्च केला त्याचा त्या विद्येवर हक्क, असा हा रोखठोक न्याय होता.

इंग्रजी अमदानी

इ. स. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाची पद्धत घातली व विद्यार्थ्याने थोडी तरी फी द्यावी हे तत्त्व रुजविले. इ. स. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी पहिले पदवीधर बाहेर पडले. पदवीला मान आला, नोकरी आली, आणि त्याबरोबर खर्चही आला. फीपेक्षा शहरात राहण्या-जेवण्याचा खर्च अधिक जाचक असे. आजही खेड्यातून पुण्या-मुंबईस मुलगा पाठविणाऱ्या पालकाचा अनुभव वेगळा नाही.

ह्या खर्चाचा मोठा भाग सरकार सोशीत होते. पण सरकारचा पैसा म्हणजे कोणाचा? हा प्रश्न प्रथम खणखणीतपणे विचारला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. इ. स. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, सरकारी तिजोरीत पैसा रयतेच्या घामाचा येतो आणि तो वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर सढळ हाताने खर्च होतो. शेतकऱ्याच्या मुलास मात्र गावात साधी शाळा नाही. आईबाप देत नसले तर सरकार देईल असे आपण सहज म्हणतो. त्या वेळी जोतीरावांचा हा प्रश्न आठवावा. फुकट शिक्षण असे काही नसते. कोणीतरी ते भरीतच असतो.

घरोघरचे गोविंदराव

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. त्यांचे वडील बंधू गोविंदराव यांचे नाव किती जणांस ठाऊक असेल? इ. स. १८७९ मध्ये वडील वारले, तेव्हा गोविंदरावांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि कागल येथे दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली. त्यांतले ८ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवीत. उरलेल्या ७ रुपयांत घर चाले. पुढे गोपाळरावांच्या कॉलेजचा प्रश्न निघाला, तेव्हा गोविंदरावांच्या पत्नीने आपले दागिने पुढे केले, असे चरित्रकार सांगतात. गोपाळराव १८८४ साली पदवीधर झाले, भावाचे ओझे त्यांनी हलके केले, आणि पुढे १९११ साली त्यांनीच सर्व मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी कायदेमंडळात विधेयक मांडले. ज्याचे शिक्षण भावाच्या ८ रुपयांवर झाले, त्याला इतरांच्या शिक्षणाची कळकळ वाटली, यात नवल नाही.

गोपाळ गणेश आगरकरांची कथा दुसऱ्या टोकाची आहे. अत्यंत गरिबीत शिकलेल्या ह्या मुलाने एम. ए. च्या अभ्यासात असताना आईस पत्र लिहून कळविले की, मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराचा होईल, अशी आशा तिने धरू नये. पोटापुरते मिळवून तो आपला काळ लोकांच्या हितासाठी घालविणार आहे. हे पत्र शाळेत शिकविताना आम्हा शिक्षकांचा कंठ दाटून येई. परंतु त्या माउलीस ते वाचून काय वाटले असेल, याचा विचार लेखकाच्या मनात फार उशिरा आला. खर्च करणाऱ्याची आशा आणि शिकणाऱ्याचे ध्येय यांची गाठ दर वेळी पडतेच असे नाही.

कायद्याने तोडलेली गाठ

विद्याधनाचा जुना न्याय इंग्रजी न्यायालयांत चालतच राहिला. इ. स. १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे गोकुळचंद विरुद्ध हुकूमचंद हा खटला आला. सनदी नोकरीत शिरलेल्या एका गृहस्थाचे विशेष शिक्षण एकत्र कुटुंबाच्या पैशातून झाले होते, म्हणून त्याची कमाईही एकत्र कुटुंबाचीच, असा निर्णय झाला. सुशिक्षित हिंदूंत ह्या निर्णयाने खळबळ उडाली. तेव्हा बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले आणि इ. स. १९३० चा हिंदू विद्याधन कायदा झाला. हे जयकर म्हणजेच पुढे पुणे विद्यापीठाचे झालेले पहिले कुलगुरू होत. ह्या कायद्याने असे ठरविले की, शिक्षणाचा खर्च कुटुंबाने केला असो वा नसो, शिकत असताना पोषण कुटुंबाने केले असो वा नसो, विद्येने मिळविलेले धन हे मिळविणाऱ्याचे स्वतःचेच.

ह्या लहानशा कायद्याचे महत्त्व आपल्या घरांत अजून पुरते उमगलेले नाही, असे लेखकास वाटते. १९३० पूर्वी मुलाच्या शिक्षणावर घातलेला पैसा ही घराची गुंतवणूक होती; तिच्या फळावर घराचा कायदेशीर हक्क होता. १९३० नंतर तो पैसा दान झाला. आपण मात्र दान करतो आणि मनात वहीखाते ठेवतो. "तुझ्यासाठी एवढे केले" हे वाक्य ज्या घरात ऐकू येत नाही, असे घर विरळाच. वृद्ध आईबापांच्या पोटापाण्याची जबाबदारी मुलांवर आहे. १९५६ च्या व २००७ च्या कायद्यांनी ती स्पष्ट केली आहे. पण ती ते आईबाप आहेत म्हणून आहे. कॉलेजची फी भरली म्हणून नाही. एक वर्गही न शिकविलेल्या मुलावरही ती तेवढीच आहे.

आईबापांखेरीज इतर हात

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षण पाहिले तर ह्या खर्चाचे किती वाटेकरी असू शकतात, हे ध्यानात येते. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले की वडील रामजी सुभेदार विवाहित मुलींकडे जाऊन त्यांचे दागिने मागून आणीत व गहाण ठेवीत. कॉलेजात असताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१३ साली अमेरिकेस पाठविताना बडोदे सरकारने परत आल्यावर दहा वर्षे नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. १९१७ साली ते नोकरीस हजरही झाले. पण अस्पृश्य म्हणून त्या नगरात त्यांना राहावयास जागा मिळेना व ती नोकरी सोडावी लागली. पुढे १९२० साली विलायतेस परत गेले ते प्राध्यापकीतून शिल्लक टाकलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना ह्या पारशी मित्राकडून उसने घेतलेले ५००० रुपये यांच्या बळावर. बाप, बहिणी, संस्थानिक, मित्र आणि स्वतः, अशा पाचांनी मिळून ही विद्या उभी केली.

आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांना तर कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे ऋण कधीच विसरता येणार नाही. १९०१ साली मराठा व जैन, १९०६ साली मुसलमान, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी, आणि मग एकामागून एक अनेक ज्ञातींची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने कोल्हापुरात निघाली. मुलाच्या शिक्षणातील खरी अडचण फीची नसून निवाऱ्याची व जेवणाची आहे, हे त्यांनी ओळखले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने, शेवटी मंगळसूत्रही, दिले. साताऱ्यास १९४७ साली निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' हा मार्ग त्यांनी घालून दिला: विद्यार्थ्याने शेतात, बांधकामावर राबावे आणि आपल्या विद्येचा वाटा आपण उचलावा. त्याही आधी, १८९२ साली, जमशेटजी टाटांनी परदेशी शिकू जाणाऱ्यांसाठी निधी काढला, तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. एकाने फेडलेल्या पैशावर दुसऱ्याने जावे, ही त्यामागील कल्पना होय.

स्वातंत्र्याच्या आगेमागे सरकारचा हातही पुढे आला. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत वर्षास १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांस, जात न पाहता, फी माफ झाली, 'ई. बी. सी.' ची ती सवलत मिळालेले कितीतरी वाचक ही स्मरणिका वाचत असतील. पुढे १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. जागा वाढल्या, पण खर्चाचे ओझे पुन्हा आईबापांच्या खांद्यावर आले. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हा मुलाचा हक्क आहे. त्यापुढे तो राज्याच्या आर्थिक कुवतीइतकाच. आईबापांवर कायद्याची सक्ती, मुलगा असेल तर, सामान्यतः तो सज्ञान होईपर्यंतच. म्हणजे ऐन कॉलेजच्या उंबरठ्यावर कायदा थांबतो व पुढची वाट प्रत्येक घराने आपली आपण काढायची असते.

एका घराची हकीकत

ह्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. गोविंदरावांच्या पत्नीचे दागिने, भीमरावांच्या बहिणींचे दागिने, लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र. विद्येसाठी ज्यांच्या अंगावरचे सोने उतरले, त्या स्वतः कॉलेजची पायरी चढल्या नाहीत. हे लिहिताना लेखकास स्वतःचे घर आठवल्यावाचून राहत नाही.

आम्ही दोघे भाऊ व एक बहीण. वडील बंधू हुशार. १९७१ साली त्यांस पुण्यास अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. वडिलांनी विहिरीकाठचा जमिनीचा तुकडा गहाण टाकला. आईच्या पाटल्या गेल्या. बहीण त्या वर्षी सातवी पास झाली होती. हायस्कूल तालुक्याच्या गावी होते. "तिला कशाला पाठवायचे?" असे कोणी म्हटलेसुद्धा नाही, ती गेली नाही, एवढेच. १९७६ साली मी मॅट्रिक झालो. गुण कॉलेजात जाण्यासारखे होते. वडील ओटीवर बसले होते. ते एवढेच म्हणाले, "बाळ, आता गहाण टाकायला काही उरले नाही." मी शिक्षकाच्या प्रशिक्षणास गेलो, दोन वर्षांत नोकरीस लागलो, आणि जमीन सोडविण्यास माझा पगार उपयोगी पडला. मुलांना शिकविण्यात माझे आयुष्य आनंदात गेले. परंतु कॉलेजच्या फाटकावरून जाताना पाऊल जरा रेंगाळे, हे आता ह्या वयात कबूल करण्यास हरकत नाही.

बंधूंविषयी अनेक वर्षे मनात किंतु होता. नोकरी लागल्यावर ते घरी पैसे पाठवीत. पुढे त्यांचा संसार वाढला व पैसे कमी होत गेले. आमच्यात बोलणे तुटले नाही, पण खुंटले. पुढे बहिणीची मुलगी औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीस जाण्याच्या वयाची झाली. तेव्हा बंधूंनी कोणास न सांगता तिची चारही वर्षांची फी व वसतिगृहाचा खर्च भरला. मला हे बहिणीकडून कळले. मी त्यांस विचारले, तेव्हा त्यांनी एक जुनी डायरी काढून दाखविली. पुण्यातल्या प्रत्येक महिन्याची मनीऑर्डर तीत तारखेनिशी लिहिलेली होती. ते म्हणाले, "बाबांना हे परत करता आले नाही. तुला करायला गेलो असतो तर तू घेतले नसतेस. म्हणून जिचे सगळ्यांत जास्त गेले, तिच्या घरी दिले." बहीण सातवीपर्यंतच शिकलेली. ती मला म्हणाली, "अण्णाने माझे फेडले. तुझे राहिले रे." मी हसून विषय बदलला. माझे फेडता येण्यासारखे नव्हते; पण ते राहिले आहे हे कोणाच्या तरी ध्यानात होते, एवढ्याने मन हलके झाले.

निष्कर्ष व विनंती

आता मूळ वादास उत्तर देतो. आईबापांनी मुलांच्या उच्च शिक्षणासाठी खर्च करावा काय? अवश्य करावा, पण पुढील मर्यादा सांभाळून, असे लेखकाचे नम्र मत आहे.

पहिली गोष्ट, दिले ते दान समजून द्यावे. १९३० च्या कायद्याने त्यावरचा हक्क गेला. मनातलाही जाऊ द्यावा. दुसरी गोष्ट, एका मुलाचे कॉलेज दुसऱ्याच्या, विशेषतः मुलीच्या, शाळेतून कापून काढू नये. वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण-फी महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ ह्या वर्षापासून माफ केली आहे. तेव्हा 'मुलीचे कसे करायचे' ही सबब पुष्कळशी उरलेली नाही. तिसरी गोष्ट, म्हातारपणाची भाकरी व राहते घर विकून फी भरू नये. तसे केले तर आज मुलास सोडविलेले कर्ज उद्या त्याच्याच दारी उभे राहते. चौथी गोष्ट, विद्यार्थ्याने काही वाटा स्वतः उचलावा: सुट्टीतील कामाने, शिष्यवृत्तीने वा झेपेल एवढ्या कर्जाने. पदवीबरोबर थोडे श्रम अंगी लागले तर विद्येस बाध येत नाही, हे कर्मवीरांच्या मुलांनी दाखविले आहे.

आणि पाचवी गोष्ट आपणा सर्वांची. घराची शक्ती संपते तेथे ज्ञातीचा निधी उभा राहिला पाहिजे. आपल्या मंडळाचा कर्जाऊ शिष्यवृत्ती-निधी त्यासाठीच आहे. त्या निधीच्या वहीत काही रकमा पुष्कळ वर्षे येणे आहेत. ज्यांच्या नावे त्या आहेत, ते आज सुस्थितीत आहेत व अनेकांच्या घरी ही स्मरणिका जाईल. त्यांस दोष देण्यासाठी हे लिहिले नाही. संसाराच्या धबडग्यात विसर पडतो. एवढेच ध्यानात आणून द्यावयाचे आहे की, ती रक्कम मंडळास द्यावयाची नसून, आज ओटीवर बापापुढे निकाल घेऊन उभ्या असलेल्या आपल्यापैकीच कोण्या मुलास वा मुलीस द्यावयाची आहे. आपले विद्याधन कायद्याने आपले एकट्याचे आहे. ते ज्यांच्यामुळे मिळाले त्यांतले पुष्कळ आता हयात नाहीत. त्यांचे देणे फेडण्याचा एकच रस्ता उरतो. पुढच्यास हात द्यावा.

लेखनात काही उणे-अधिक झाले असल्यास ज्ञातिबंधुभगिनींनी ते पोटात घालावे, ही विनंती. इत्यलम्.